हात मोजण्याआधी

संस्थांच्या इतिवृत्ताच्या वहीत एक वाक्य हमखास सापडतं : ‘सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’ हे वाक्य मी एकदा सभा सुरू होण्याच्या अर्धा तास आधी टाईप करून ठेवलेलं पाहिलं आहे. सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांसाठी तेवढी टिंबं सोडली होती. चर्चा अजून व्हायची होती, पण ती साधकबाधक असणार हे ठरलं होतं आणि तिचा शेवटही ठरला होता. सभेला आलेल्या कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. मी अनुमोदक होतो.

माणसांनी एकत्र बसून निर्णय कसे घ्यावेत हा वाद निघाला की तीन पक्ष पडतात. एक एकमतवाल्यांचा : पाचामुखी परमेश्वर, सगळ्यांना पटेपर्यंत बोलत राहा. दुसरा मतदानवाल्यांचा : बोलणं पुरे, हात वर करा. तिसरा पक्ष हल्ली सगळ्यात मोठ्याने बोलतो. त्याचं म्हणणं, समिती नेमली की घोंगडं भिजत पडलंच. एखाद्या खमक्या माणसाच्या हाती कारभार द्या आणि मोकळे व्हा. वाद रंगतो खरा, पण तो सगळा सभेच्या शेवटच्या पाच मिनिटांबद्दल असतो. हात कसे मोजायचे, किती हात पुरे, की मोजायचेच नाहीत. त्याआधीच्या दोन तासांत कोण आधी बोललं, कोण बोललंच नाही, कुणाची शंका ‘बघू नंतर’ म्हणून बाजूला सारली गेली, याकडे तिघांचंही लक्ष नसतं. माझ्या मते निर्णयाचं बरंवाईट त्या दोन तासांतच ठरतं, आणि तिथे पाळण्याचा मुख्य नियम एकच आहे : आक्षेप घेणाऱ्याला उत्तर मिळण्याचा हक्क आहे, निर्णय अडवून धरण्याचा नाही. एकमतवाले त्याला दुसराही हक्क देऊन बसतात, मतदानवाले पहिलाही देत नाहीत, आणि एकहाती कारभारवाल्यांना तो माणूस खोलीतच नको असतो.

आधी या तिसऱ्या पक्षाकडे वळू, कारण त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. घराला आग लागलेली असताना कुणी ठराव मांडत नाही. वादळात सापडलेल्या जहाजावर, शस्त्रक्रियेच्या टेबलाशी, शेवटचा शब्द एकाचा असावा लागतो. शिवाय कितीतरी गोष्टी समूहापुढे आणण्याच्या लायकीच्याच नसतात. फलकाचा रंग कोणता यावर तीस जणांचा तासभर घेणं हा लोकशाहीचा सन्मान नाही, तीस तासांची नासाडी आहे. हे सगळं मान्य. पण शेवटचा शब्द एकाचा असणं आणि सगळेच शब्द एकाचे असणं यात फरक आहे की नाही? २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात केएलएम या डच कंपनीच्या जंबो विमानाच्या कप्तानाने परवानगी मिळालेली नसताना उड्डाणासाठी धाव घेतली. पॅन अॅम या अमेरिकी कंपनीचं दुसरं जंबो विमान त्याच धावपट्टीवर होतं. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली आणि त्याने विचारलंही, ते विमान अजून बाजूला झालेलं नाही का? कप्तानाने ठामपणे सांगितलं की झालं आहे. कप्तान अतिशय ज्येष्ठ, इतर वैमानिकांना शिकवणारा. शंका तिथेच विरली आणि ५८३ माणसं मेली. असल्या अपघातांनंतर विमान कंपन्यांनी मतदान सुरू केलं नाही, कप्तानाचा अधिकारही काढून घेतला नाही. त्यांनी हाताखालच्यांना शंका पुन्हा आणि स्पष्ट बोलायला शिकवलं, आणि कप्तानाला ती ऐकून घ्यायला. एकहाती कारभाराचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही, आणि तोसुद्धा आक्षेपाला उत्तर देण्यावरच उभा आहे.

आपल्या भाषेने या बाबतीत थोडा अन्यायही केला आहे. ‘बारभाई कारभार’ म्हटलं की आपल्याला सावळागोंधळच आठवतो. पण इतिहासातले बारभाई कोण होते? ऑगस्ट १७७३ च्या अखेरीस नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर राघोबादादांविरुद्ध एकत्र आलेली ही कारभारी मंडळी. एकमेकांवर त्यांचा फार विश्वास होता असं नाही. तरी त्यांनी १७७४ मध्ये जन्मलेल्या सवाई माधवरावांना काही आठवड्यांचे असतानाच पेशवाईची वस्त्रं मिळवून दिली आणि एक कोसळू पाहणारं राज्य सावरून धरलं. १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांना राघोबांचा पक्ष सोडावा लागला. तोवर मंडळ विस्कटलं होतं आणि सूत्रं मुख्यतः नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांच्या हाती गेली होती, हेही सांगायला हवं. पण सगळ्यात अवघड वर्षं अनेकांनी मिळून निभावली. म्हणीत मात्र गोंधळ तेवढा उरला.

आता एकमत. त्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा नैतिक नाही, व्यवहाराचा आहे. एकावन्न विरुद्ध एकोणपन्नास अशा मतांनी झालेला निर्णय अंमलात आणायला त्या एकोणपन्नासांचेही हात लागतात, आणि ते हात तोवर घडी घालून बसलेले असतात. ज्याला निर्णय आपला वाटतो तो अडचण आली तर वाट काढतो. ज्याच्यावर तो लादला गेला तो ‘मी म्हटलंच होतं’ एवढं सांगण्यासाठी अडचणीची वाट पाहतो. समित्यांवर काम केलेल्या कुणालाही हे पटेल. पण मग सगळ्यांचा होकार मिळेपर्यंत थांबायचं का?

पोलंडने थांबून पाहिलं. तिथल्या सेय्म या सभेत प्रत्येक सदस्याला नकाराधिकार होता. १६५२ मध्ये एका सदस्याच्या नकाराने अख्खं अधिवेशन निष्फळ ठरलं, आणि पुढे तो पायंडाच पडला. ‘मला मान्य नाही’ एवढं ओरडलं की काम संपलं. तिसऱ्या ऑगस्टसच्या तीस वर्षांच्या राजवटीत, १७३३ ते १७६३ या काळात, फक्त एका अधिवेशनाला, १७३६ च्या, कायदे करता आले. शेजारच्या सत्तांच्या हे लगेच ध्यानात आलं. सगळी सभा विकत घेण्याची गरज नव्हती, एक सदस्य पुरत होता. १७९१ च्या संविधानाने हा अधिकार रद्द केला खरा, पण चार वर्षांत पोलंड नकाशावरून पुसला गेला. एकमताची टर उडवणाऱ्यांचा हा लाडका दाखला आहे आणि तो चुकीचा नाही, फक्त त्यातून निघणारा धडा ते चुकीचा काढतात. पोलंड एका माणसाचं ऐकलं म्हणून बुडाला का? त्या माणसाचं तर कुणी ऐकलंच नव्हतं, कारण त्याला कारण सांगावंच लागत नव्हतं. त्याच्या नकाराला तोंड होतं, पोट नव्हतं. ज्या आक्षेपात कारण नाही त्याला उत्तर देता येत नाही, आणि ज्याला उत्तर देता येत नाही तो आक्षेप नसतो, अडवणूक असते.

एकमताचं खरं अपयश मला दुसरीकडे दिसतं, आणि ते जास्त बोचतं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभांमध्ये मतदान होत नाही. लोक शांत बसतात, बोलावंसं वाटलं तर बोलतात, आणि कार्यवाह सभेचा एकूण कल ओळखून तिथल्या तिथे नोंद लिहून वाचून दाखवतो. पद्धत देखणी आहे. १६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाऊनच्या चौघा क्वेकरांनी गुलामगिरीविरुद्ध एक निवेदन लिहिलं. मासिक सभेने म्हटलं, विषय फार भारी आहे, आपण इथे हात घालणं बरं नाही, आणि ते तिमाही सभेकडे पाठवलं. तिमाही सभेने वार्षिक सभेकडे पाठवलं. वार्षिक सभेने त्यावर निर्णय देणं टाळलं. विरोधात कुणी ठराव केला नाही, कुणाचा अपमान झाला नाही, सगळं अत्यंत सभ्यपणे पार पडलं. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने आपल्या सदस्यांना गुलाम बाळगायला बंदी केली ती १७७६ मध्ये, अठ्ठ्याऐंशी वर्षांनी. एवढा वेळ घेऊन त्यांनी पंथ फुटू दिला नाही, असं त्यांच्या बाजूने म्हणता येईल. पण ज्यांच्या आयुष्याबद्दल ही चर्चा चालली होती ते त्या सभेत बसलेलेच नव्हते. थांबण्याची किंमत नेहमी खोलीबाहेरचं कुणीतरी मोजत असतं. म्हणून उत्तराला मुदत हवी. ‘विषय गंभीर आहे, पुढच्या सभेत घेऊ’ हे उत्तर नव्हे, उत्तर चुकवण्याची ती जुनी सोय आहे.

राहिला मतदानवाल्यांचा पक्ष. त्यांचं एक म्हणणं मी विनाअट मान्य करतो : गुप्त मतदान हे दुबळ्या माणसाचं चिलखत आहे. एकमताच्या नावाखाली चालणाऱ्या लांबलचक सभेत शेवटी तोच जिंकतो ज्याला घरी जायची घाई नसते, ज्याचा आवाज मोठा असतो, ज्याला नाराज करणं परवडत नाही. माणसं निवडायची असतील तर चिठ्ठीला पर्याय नाही. पण बहुतेक सभांमध्ये मतदान म्हणजे चिठ्ठी नसतेच, हात वर करणं असतं. आणि हात वर करताना माणूस आधी शेजाऱ्याचा हात बघतो. सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात हे जवळून तपासलं. एका पुठ्ठ्यावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. कोणती तेवढ्याच लांबीची ते सांगायचं. लहान मूलही चुकणार नाही इतकं सोपं. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच फितवलेले होते आणि एकमुखाने चूक उत्तर देत होते. खरा प्रयोगातला माणूस साधारण दर तीन वेळांतून एकदा त्यांचीच री ओढायचा. आता यातला कमी सांगितला जाणारा भाग : खोलीत एकाने जरी वेगळं, बरोबर उत्तर दिलं, तरी हे री ओढणं पाव हिश्शावर यायचं. इतकंच काय, त्या एकाचं उत्तर वेगळं पण चुकीचं असलं तरी लोकांना आपलं खरं बोलायला धीर यायचा. म्हणजे चूक आक्षेपसुद्धा उपयोगी पडतो. तो वाट मोकळी करतो.

हे जुन्या लोकांना प्रयोगाशिवाय कळलं होतं. ज्यूंच्या प्राचीन न्यायपरंपरेत देहदंडाच्या खटल्यात मत देण्याची सुरुवात कनिष्ठ न्यायाधीशांपासून करावी असा दंडक होता, म्हणजे ज्येष्ठांचं ऐकून त्यांची जीभ अडखळू नये. त्याच परंपरेतलं आणखी एक मत आहे आणि ते ऐकून पहिल्यांदा हसू येतं : सगळेच्या सगळे न्यायाधीश एकमुखाने ‘दोषी’ म्हणाले तर आरोपीला सोडून द्यावं. विचार केला की हसू मावळतं. आरोपीच्या बाजूने एकालाही एकही शब्द सुचला नसेल तर तिथे विचार झाला असेल का?

‘सर्वानुमते’ या शब्दाबद्दल माझ्या मनात अढी बसली ती चॅलेंजरची हकीगत वाचल्यापासून. २७ जानेवारी १९८६ ची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी अवकाशयान उडणार होतं आणि रात्री कडाक्याची थंडी पडणार होती. यानाला वर ढकलणारी रॉकेटं, म्हणजे बूस्टर, बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या इंजिनिअरांना भीती होती की बूस्टरच्या सांध्यांमधल्या रबरी कड्या थंडीत ताठरतील आणि वायू गळेल. नासाशी दूरध्वनीवर सभा झाली. सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली उडवू नका, अशी कंपनीची पहिली शिफारस होती. नासाच्या अधिकाऱ्यांना ती रुचली नाही. कंपनीने आपसात बोलायला पाच मिनिटं मागून घेतली आणि लाईन बंद केली. ती पाच मिनिटं अर्ध्या तासाची झाली. त्या अर्ध्या तासात एक इंजिनिअर आपल्या जागेवरून उठला, व्यवस्थापकांच्या टेबलाशी गेला आणि कागदावर सांध्याचं चित्र काढून समजावू लागला. दुसऱ्याने आधीच्या उड्डाणांत सांध्यांतून वायू गळून साचलेल्या काजळीचे फोटो पुढे ठेवले. समोरचे बघत होते, पण ऐकत नव्हते. ते लक्षात आल्यावर दोघंही गप्प झाले. मग एका वरिष्ठाने इंजिनिअरिंग विभागाच्या प्रमुखाला सांगितलं, इंजिनिअरची टोपी उतरव, व्यवस्थापकाची घाल. चार व्यवस्थापकांनी आपसात मत घेतलं. इंजिनिअरांना विचारलं नाही. चौघांचं एकमत झालं. लाईन पुन्हा सुरू झाली, उड्डाणाला संमती कळवली गेली. नासाच्या बाजूने सगळ्यांना विचारण्यात आलं, कुणाचं काही वेगळं म्हणणं आहे का? लाईनवर कुणीही बोललं नाही. सकाळी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सातही जण गेले.

इथे कोणती पद्धत चुकली? एकमत झालं होतं. मतही घेतलं होतं. अधिकार असलेल्यांनीच निर्णय घेतला होता. वेगळं मत आहे का हेसुद्धा विचारून झालं होतं. तिन्ही पक्षांच्या सगळ्या अटी त्या एका संध्याकाळी पुऱ्या झाल्या. झालं नाही ते एवढंच की कागदावर काढलेल्या त्या चित्राला कुणी उत्तर दिलं नाही. उलट उड्डाण धोक्याचं आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी शंका घेणाऱ्यांवर येऊन पडली. ‘मौन म्हणजे संमती’ हे वचन न्यायालयात कुठे चालत असेल तर चालो. सभेत मौनाचे अर्थ अनेक असतात : पटलं, कळलं नाही, थकलो, घाबरलो, सांगून काय उपयोग. त्यातला पहिला अर्थ सगळ्यात दुर्मिळ.

आणि एक अर्थ आहे जो मला स्वतःला उशिरा उमगला. एका संस्थेच्या कार्यकारिणीवर मी काही वर्षं होतो. सभासदांच्या नोंदी जुन्या रजिस्टरांतून संगणकावर न्यायच्या होत्या. विक्रेत्याने प्रात्यक्षिक दाखवलं, पडद्यावर सगळं सुरेख दिसलं, आम्ही अकरा जणांनी वीस मिनिटांत होकार दिला. चार महिन्यांनी कळलं की आमच्या सभासदत्वाचे क्रमांक कुटुंबाला एक असे होते, आणि नवी प्रणाली एका क्रमांकाला एकच माणूस मानत होती. वर्षभर दोन्हीकडे नोंदी लिहाव्या लागल्या. आमच्या लेखनिक बाईंना मी विचारलं, हे तुमच्या तेव्हाच लक्षात आलं होतं का? त्या म्हणाल्या, ‘हो. पण मी इतिवृत्त लिहीत होते.’ रजिस्टर रोज हाताळणारी एकच व्यक्ती त्या खोलीत होती, आणि तिला आम्ही आमची वाक्यं लिहायला बसवलं होतं. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं की गट चर्चेला बसला की सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीच पुन्हा पुन्हा बोलल्या जातात, आणि एकट्यादुकट्याला माहीत असलेली गोष्ट सहसा बाहेर येत नाही. मला तो अभ्यास नंतर वाचायला मिळाला. बाईंचं वाक्य पुरेसं होतं.

तर मग आक्षेपाला उत्तर द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मला सापडलेली सगळ्यात नेटकी मांडणी अनपेक्षित ठिकाणची आहे. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणारी आयईटीएफ ही संघटना मतदान करत नाही. कल जाणून घ्यायचा असला की सभेत हुंकार द्यायला सांगतात : या बाजूचे आधी गुणगुणा, आता त्या बाजूचे. प्रकार गमतीचा वाटतो, पण त्यात कोण कुठे आहे ते दिसत नाही आणि हात मोजण्याचा मोहही होत नाही. २०१४ मध्ये त्यांनी या पद्धतीमागचा विचार लिहून काढला. त्याचा मथितार्थ असा : प्रत्येक मुद्द्याची दखल घेतली गेली पाहिजे, प्रत्येक मुद्दा मान्य झालाच पाहिजे असं नाही. शंभर जण बाजूने आणि पाच विरोधात असले तरी त्या पाचांच्या मुद्द्याला उत्तर मिळालं नसेल तर सहमती झाली असं म्हणता येणार नाही. आणि उलटही खरं : शंभर जण विरोधात असले, पण त्यांच्या मुद्द्याला चोख उत्तर देऊन झालं असेल, तर सहमती झालेली असू शकते.

‘हे इंजिनिअरांचं ठीक आहे. जिथे माणसांचे हितसंबंध आणि जखमा गुंतलेल्या असतात तिथे असं चालतं का?’ रास्त प्रश्न आहे. म्हणून भारताच्या संविधान सभेकडे बघू. १३ डिसेंबर १९४६ रोजी जवाहरलाल नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. सभेत काँग्रेसचं प्रचंड बहुमत होतं. मतं मोजली असती तर काम त्याच आठवड्यात संपलं असतं. मुकुंदराव जयकरांनी सुचवलं, मुस्लिम लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी अजून आलेले नाहीत, ठराव थोडा पुढे ढकला. अनेकांना ते रुचलं नाही. १७ डिसेंबरला अध्यक्षांनी अचानक डॉ. आंबेडकरांना बोलायला उभं केलं; आपल्या आधी वीस-बावीस नावं असताना आपली पाळी आज कशी आली, याचं त्यांनाही नवल वाटलं होतं. त्यांनी जयकरांची बाजू घेतली. असा ठराव करण्याचा या सभेला अधिकार आहे का, हा प्रश्न त्यांनी मांडलाच नाही; अधिकार असेल, पण आत्ता तो वापरणं शहाणपणाचं आहे का, एवढंच विचारलं. सत्ता वेगळी आणि शहाणपण वेगळं, असं त्यांचं सांगणं होतं. ज्यांच्याकडे बहुमत होतं ते थांबले. लीग नाहीच आली. २२ जानेवारी १९४७ रोजी सदस्यांनी उभं राहून ठराव मंजूर केला. मग थांबून काय मिळालं, असं कुणी विचारेल. लीग मिळाली नाही, हे खरंच आहे. पण जयकरांच्या आक्षेपाला उत्तर मिळालं होतं : वाट पाहिली, मुदत संपली, आता पुढे. जर्मनटाऊनच्या चौघांच्या वाट्याला एवढंही आलं नव्हतं.

त्याच सभेत घटनेच्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात आंबेडकरांनी दोन गोष्टी शेजारीशेजारी सांगितल्या, आणि आपण बहुधा त्यातली एकच उचलतो. काँग्रेस पक्षाच्या शिस्तीमुळे कामाला वळण लागलं, नाहीतर गोंधळ माजला असता, असं ते म्हणाले. निर्णय पक्षाच्या बैठकीत होत आणि सभेत फक्त येत, असा आरोप करणाऱ्यांना इथे दुजोरा मिळतो, आणि तो पूर्णपणे खोडता येणार नाही. पण लगेच पुढे त्यांनी सभेतल्या बंडखोरांचे नावं घेऊन आभार मानले. ह. वि. कामत, पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, हृदयनाथ कुंझरू ही त्यांतली नावं. त्यांच्या सूचना मी स्वीकारू शकलो नाही म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही, अशा अर्थाचं ते बोलले. माझा सगळा मुद्दा त्यात आला आहे. आक्षेप फेटाळला गेला, पण उत्तर देऊन. उत्तर देताना ते कलम का ठेवलं हे बोलून दाखवावं लागलं, आणि त्या चर्चांची छापील नोंद आजही आपण उघडून वाचू शकतो.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील, आणि या लेखात तरी त्यांना उत्तर न देऊन चालणार नाही. पहिला : प्रत्येक समितीत एक हरकतजीवी असतोच, त्याला उत्तरं देता देता वर्ष जाईल. नाही जाणार, जर दोन गोष्टी पाळल्या तर. आक्षेप घेणाऱ्याने कशाने समाधान होईल तेही सांगायचं. आणि एकदा उत्तर दिलेला मुद्दा नवं काही आणल्याशिवाय पुन्हा निघणार नाही. तेच दळण पुन्हा दळायला आणलेल्या माणसाला वहीचं पान दाखवावं. वेळ वाया जातो म्हणणाऱ्यांना मी आमचं ते वर्ष दाखवीन : आम्ही वीस मिनिटांत निर्णय घेतला आणि बारा महिने फेडला.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. ज्याची नोकरी, पद, भवितव्य समोर बसलेल्याच्या हाती आहे, तो कोणत्याही नियमाने बोलेल का? सगळाच्या सगळा नाही बोलणार. प्रमुखाने आपलं मत शेवटी सांगावं, सभेआधी बिननावाच्या चिठ्ठ्यांवर शंका मागवाव्यात, ‘कुणाचा विरोध आहे का’ या प्रश्नाऐवजी ‘यात काय बिघडू शकेल’ असं प्रत्येकाला नाव घेऊन विचारावं, यांनी फरक पडतो. पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायला धाडस लागतं, दुसऱ्याला थोडी कल्पनाशक्ती पुरते. पण भीती पूर्ण जाते असं मी म्हणणार नाही. जिथे बोलण्याची शिक्षा खरोखर होते तिथे सभेचे नियम सुधारून भागत नाही, तिथे आधी ती शिक्षा थांबवावी लागते.

आमच्या वहीतलं टाईप केलेलं वाक्य बंद झालं, पण सहजासहजी नाही. गेल्या एका सभेत एका सदस्याने दुरुस्तीच्या खर्चावर शंका काढली आणि ती नोंदवायला सांगितली. लेखनिक बाईंनी मान वर करून विचारलं, ‘विरोध म्हणून लिहू, की सूचना म्हणून?’ वहीत तेवढ्या दोनच जागा होत्या. अध्यक्ष जरा घुटमळले, मग म्हणाले, ‘प्रश्न म्हणून लिहा. खाली उत्तराला दोन ओळी सोडा.’ त्या दोन ओळी अजून कोऱ्या आहेत. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर त्यांचा क्रमांक पहिला आहे.